पुढे आफ्रा, मागे व्रोनी

व्रोनीने माझी बाही धरून मला मागे ओढलं तेव्हा माझ्या तोंडात भाजलेला चेस्टनट होता. तो गिळावा की थुंकावा हे कळायच्या आत एक सायकल माझ्या नाकासमोरून सूं करून गेली. सायकलवाला मान वळवून ओरडला, "काय हो बाई, डोळे आहेत का?" त्याने हे मला विचारलं होतं. माझ्या शेजारी पांढरी काठी घेऊन उभ्या असलेल्या माझ्या भाचीला नव्हे. व्रोनीला इतकं हसू आलं की हातातली चेस्टनटची पुडी कलंडली आणि दोन-चार चेस्टनट ट्रामच्या रुळांत गडगडत गेले. "आहेत की हो," ती त्याच्या पाठीमागून ओरडली, "दोघींत मिळून एक जोडी आहे, आज नेमकी घरी राहिली!" ट्रामसाठी थांबलेले लोक हसावं की न हसावं अशा पेचात पडले. मीही हसले. इन्सब्रुकमध्ये नोव्हेंबरात दुपार संपते न संपते तोच अंधारून येतं. गल्ल्यांत दिवे लागले होते आणि वर डोंगराच्या धारेवर तेवढं ऊन उरलं होतं. हसता हसता मला काहीतरी खटकलं. ती सायकलीची भीती नव्हती. ओढायच्या आधी व्रोनी एक शब्द बोलली होती. "थांब," असं म्हणाली होती ती, आणि मी थांबले होते.

तो शब्द माझा होता. व्रोनी लहान होती तेव्हापासून तो मी तिला म्हणत आले होते. बर्फावर, रस्त्यावर, गोठ्याच्या दाराशी, परक्या गावांच्या हॉटेलांतल्या जिन्यांवर. बर्फाच्या उतारावर मी पुढे असते, ती माझ्या मागे. माझ्या अंगात केशरी जाकीट, दोघींच्या टोपांत बिनतारी यंत्र, तिच्या कानात माझा आवाज. मी वळले की ती वळते. लाल-निळे खांब रोवून शर्यतीची दारं केलेली असतात, त्यांतून मी आधी जाते आणि तोंडाने सांगत जाते, आणि ती माझ्या मागोमाग अशी उतरते की खाली उभ्या असलेल्या माणसाला दोरीने बांधलेल्या दोन बाहुल्या वाटाव्यात. डोळसांच्या शर्यतीत एक माणूस धावतो, आमच्या शर्यतीत दोन. पदकंही दोन मिळतात. ध्वनिक्षेपकावर नावं पुकारतात तीसुद्धा जोडीने, पुढे आफ्रा, मागे व्रोनी. तिने मला थांब म्हणणं म्हणजे गाईने गुराख्याला हाकणं झालं, असं माझ्या मनात आलं आणि लगेच त्या उपमेची मला लाज वाटली. तरी ते आलं होतं खरं. ट्राम आली. चढताना मी तिला हात द्यायला वळले, तर ती आधीच चढली होती आणि माझ्याकडे हात करून उभी होती.

खिडकीतून नदी दिसत होती, हिरवट राखाडी, घाईची. मला आमच्या गावचा ओढा आठवला. माझ्या बहिणीचं, वाल्बुर्गाचं घर त्या ओढ्याच्या अल्याड आणि माझं पल्याड. उन्हाळ्यात मी वरच्या कुरणांवर गावाच्या गाई घेऊन जायचे, हिवाळ्यात पाहुण्यांच्या पोरांना स्की शिकवायचे. नवरा केला नाही. विचारणारे होते, पण ज्यांनी विचारलं ते सगळे माझ्यापेक्षा हळू उतरणारे निघाले. हे मी गंमत म्हणून सांगायचे आणि लोक गंमत म्हणून ऐकायचे. वाल्बुर्गाची पोर जन्मली आणि काही महिन्यांत कळलं की तिला उजेड आणि अंधार कळतो, भडक रंग कळतात, बाकी काही नाही. तेव्हापासून आमच्या गावातले लोक हळू झाले. दुसरा शब्द मला सापडत नाही. दुकानदार झेराफीन तिच्याशी मोठ्याने आणि एकेक अक्षर सुटं करून बोलायचा, "व्रोऽनीऽ, तुऽलाऽ काऽय हऽवं?" शेजारणी दार उघडं धरून ती येईपर्यंत उभ्या राहायच्या आणि ती येईपर्यंत उसासे टाकायच्या. पाद्रीबाबा तिच्या डोक्यावर हात ठेवायचे तो बराच वेळ तिथेच राहायचा, तिथे ओलं फडकं वाळत घातल्यासारखा. झेराफीनला मी एकदा भर दुकानात म्हणाले, "हळू कशाला बोलतोस रे? तिला दिसत नाही, ऐकू येतं. आणि मठ्ठ माणसं शोधायची तर तुला घराबाहेर पडायची गरज नाही." त्याची बायको हसली. त्या दिवशी त्याने आम्हाला चीज कमी तोललं असणार, पण पुढच्या वेळेपासून तो नीट बोलायला लागला.

वाल्बुर्गा पोरीला बर्फावर सोडायला तयार नव्हती. मी तिला न सांगता घेऊन गेले. आमच्या गोठ्यामागे एक बसका उतार आहे. रस्त्यावर काम करणाऱ्या माणसांचं केशरी जाकीट मी मागून आणलं होतं. ते घातलं, पोरीच्या पुढे उभी राहिले आणि विचारलं, "काय दिसतंय?" ती म्हणाली, "गाजर." मी थोडं पुढे गेले. "आता?" "छोटं गाजर." म्हटलं, मग झालं की. गाजर जाईल तिकडे जायचं. पण वळायचं केव्हा हे गाजर सांगत नाही, त्याला तोंड लागतं. पाहुण्यांच्या पोरांना मी सांगायचे ते शब्द लांबलचक होते. उतारावर ते उच्चारेपर्यंत माणूस झाडाला मिठी मारतो. मग माझ्या तोंडून आपसूक गाईंच्या हाका यायला लागल्या. डावीकडे वळवायचं तर "हेऽई", उजवीकडे "होप", घाबरून पळायला लागली तर "सो, सो, सो". या हाका माझ्या आजीच्या आईच्याही आधीच्या असतील. त्या डोक्यातून येत नाहीत, पोटातून येतात, आणि ऐकणाराच्याही पोटातच जातात. व्रोनी कुरणावर माझ्याबरोबर वाढली होती, तिला त्या शिकवाव्या लागल्या नाहीत. पुढे शर्यतींत आम्ही गेलो तेव्हा इतर देशांच्या जोड्या आमच्या हाका ऐकून हसायच्या. तिच्या पहिल्या मोठ्या शर्यतीत आम्ही जिंकलो त्यानंतर हसेनाशा झाल्या. एका परदेशी प्रशिक्षकाने तर त्या हाकांचं ध्वनिमुद्रण मागितलं होतं. मी म्हटलं, घेऊन जा, पण सोबत एक गायही न्यावी लागेल.

ट्राम वळली आणि माणसं एका अंगाला झुकली. व्रोनी दांडा न धरता उभी होती, गुडघ्यांत किंचित वाकून, जशी ती उतारावर असते तशी. तिच्याकडे बघताना माझ्या कानात एक आवाज आला. तो मार्चपासून माझ्या कानात होता आणि मी त्याला आत येऊ दिलं नव्हतं. मार्चमधल्या त्या शर्यतीत शेवटचं दार ओलांडलं की सपाट पट्टा होता, शेवटच्या रेषेपर्यंत सरळ. तिथे कोणी काही करत नाही. अंगाची घडी करायची, हात पुढे घ्यायचे आणि स्कींना पळू द्यायचं. त्या पट्ट्यात मला माझ्या मागे खरवडल्यासारखा आवाज आला होता. करपलेल्या पावावरून सुरी फिरवावी तसा. स्कीच्या धारेचा तो आवाज ज्याने जन्म बर्फावर काढला त्याला झोपेतही ओळखू येतो. तो वळणाचा आवाज नसतो. वेग मारायचा, म्हणजे मुद्दाम कमी करायचा असेल तेव्हाचा असतो. आम्ही चौथ्या आलो. खाली मी सगळ्यांना सांगितलं की बर्फ जड झालाय, ऊन लागलंय, खालच्या पट्ट्यात स्की चिकटत होत्या. हिल्डेगुंड, आमच्या चमूची प्रशिक्षक, माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिने व्रोनीकडे बघितलं. व्रोनी बुटांचे खटके सोडत होती. "हो, चिकटत होत्या," ती म्हणाली.

आम्हाला हिल्डेगुंडकडे जायला अजून वेळ होता. नदीकाठच्या एका जुन्या खाणावळीत शिरलो. पोरगेली वाढपीण आली, तिने व्रोनीची काठी पाहिली आणि मला विचारलं, "यांना काय आणू?" माझ्या ओठांवर नेहमीचं उत्तर आलं होतं, पण व्रोनी आधी बोलली. "यांना कॉफी आणा, बिनसाखरेची. यांच्या पोटाला दुसरं काही सोसत नाही आता. आणि मला यकृताचे गोळे घातलेलं सूप." वाढपीण कानापर्यंत लाल झाली आणि पळाली. "पोटाला सोसत नाही हे तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं. "तू रात्रभर कूस बदलतेस. शेजारच्या खाटेवर कोण झोपतं?" मी टेबलावरचं मीठ इकडून तिकडे सरकवलं. वास्तविक मला काही विचारायचं नव्हतं. विचारलं नसतं तर तो हिवाळाही आम्ही तसाच काढला असता, आणि जानेवारीत त्या लांब, उभ्या, वेगाच्या डोंगरावर जागतिक शर्यतीला उभ्या राहिलो असतो, पुढे मी, मागे ती, आणि पुन्हा कुठेतरी चौथ्या-पाचव्या आलो असतो आणि मी पुन्हा बर्फाला नावं ठेवली असती. पण माझं तोंड उघडलं.

"व्रोनी, मार्चमध्ये शेवटच्या पट्ट्यात तू वेग मारलास?"

तिने पाव मोडला. "कोण म्हणतं?"

"माझे कान म्हणतात."

"तुझ्या कानांनी आठ महिने काय केलं मग?"

"मारलास की नाही?"

"मारला. नाहीतर काय करू? तुझ्या पुढे जाऊ? पुढे गेले की जोडी बाद. चौथं येणं बरं की बाद होणं?"

सूप आलं. तिने वाफेत तोंड धरलं, वास घेतला. मी कॉफीकडे बघत होते. "आणि वर?" मी म्हटलं. "वरच्या वळणांत?"

"वरच्या वळणांतही."

"कधीपासून?"

"मावशी, सूप गार होतं."

"कधीपासून, म्हणून विचारतेय."

"दोन हिवाळे झाले," ती म्हणाली. "आधी कधीतरी. मग नेहमी."

मला संताप आला, आणि तो कुठून आला ते आधी कळलं नाही. तो खूप जुना वाटत होता, गावातला, झेराफीनच्या दुकानातला. तिच्यासाठी हळू होणाऱ्या एकेका माणसाशी मी भांडले होते. शाळेतल्या बाई परीक्षेत तिला अर्धाच धडा द्यायच्या, त्यांच्याशी. वाल्बुर्गाशीही, जी माझी थोरली बहीण आहे आणि जिच्याशी मी त्यावरून एक आख्खा हिवाळा बोलले नव्हते. आणि आता ही पोर माझ्यामागून अंगाला आवर घालत उतरत होती, म्हाताऱ्या माणसाबरोबर चालताना आपण घालतो तसा. "तुला दया करायला कोणी सांगितलं?" मी म्हणाले. माझा आवाज चढला असणार, कारण शेजारच्या टेबलावरच्या दोन म्हाताऱ्यांनी पत्ते खाली ठेवले.

"दया?" व्रोनी म्हणाली. "दया कसली? नियम आहे. आणि सांगितलं असतं तर काय केलं असतंस ते मला माहीत आहे. तू जोरात गेली असतीस. गुडघा तुटेपर्यंत जोरात गेली असतीस. मग मी कोणाच्या मागे गेले असते?"

"कोर्बिनियानच्या."

 हे नाव दोन महिने आमच्या घरात कोणी घेतलं नव्हतं. कोर्बिनियान डोळसांच्या शर्यतींतून गुडघ्यामुळे बाहेर पडला होता. तो गुडघा बरा झाला, पण चमूतली त्याची जागा दुसऱ्याने घेतली होती. त्याने हिल्डेगुंडला सांगितलं होतं की मला व्रोनीच्या पुढे जायला आवडेल. हिल्डेगुंडने ते मला सांगितलं होतं, सरळ, डोळ्याला डोळा भिडवून. ती माझी बरोबरीची आहे, तिला माझे गुडघे माहीत आहेत. जानेवारीत कोण पुढे असेल ते तिला या आठवड्याच्या सरावात ठरवायचं होतं, आणि ती म्हणाली होती की तुम्ही दोघी ठरवा, मी नाही ठरवणार. "मला जिंकायचंय," व्रोनी म्हणाली, चमचा खाली ठेवून. "खोटं कशाला बोलू? मला ते पदक हवंय, इतकं हवंय की दात शिवशिवतात. आणि मला पुढे तूच हवीस. दोन्ही हवंय. तूच शिकवलंस ना, मागायचं तर पुरतं मागायचं?"

"पुरतं मागितलं तरी एकच मिळतं कधीकधी."

"मग तू जोरात जा."

"व्रोनी, मी पन्नाशी ओलांडली आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर हळू येतेय."

मी हसले. हसू आवरेना. पत्ते खेळणारे म्हातारे आता उघडपणे ऐकत होते आणि त्यांतला एक मला म्हणाला, "बाई, पोरीला तोंड आहे हो." "आमच्याकडचंच आहे," मी म्हणाले. आणि तेव्हा, इतका वेळ फक्त झोंबत होतं त्या गोष्टीखाली दुसरं काहीतरी मला लागलं, बर्फ उकरल्यावर हाताला गवत लागावं तसं. दोन हिवाळे ही पोर पूर्ण वेगाने गेलीच नव्हती. आवरून, धरून, अर्ध्या दमाने ती चौथी येत होती. मग सगळं सोडल्यावर तिचा वेग किती असेल ते मलाही माहीत नव्हतं. मी, जी तिला गाजरापासून ओळखते. त्या विचाराने माझ्या अंगावर काटा आला, आणि तो भीतीचा नव्हता.

हिमनदीवर पहाटे बर्फ निळा असतो. वर पोचलं की आमच्याकडे सगळी माणसं एकमेकांना अरे-तुरे करतात, मंत्री असो की दूधवाला. आदल्या संध्याकाळी खाली शहरात हिल्डेगुंड मला "आफ्राबाई, तुम्ही" म्हणाली होती आणि वर केबलच्या डब्यातून उतरताच म्हणाली, "आफ्रा, चेहरा काय केलायस, झोपली नाहीस का?" मी म्हटलं, "कोर्बिनियानला पुढे जाऊ दे आज. मी मागून बघते." ती माझ्या पाठीवर थापटून गेली. कोर्बिनियान हाका पाठ करून आला होता. चांगला पोरगा, रुंद खांद्यांचा, लाजरा, आणि लाजरेपणा झाकायला फार बोलणारा. माझं केशरी जाकीट त्याला आखूड होत होतं. "हेई," तो म्हणाला. "होप. बरोबर ना, आफ्रा?"

"तू बातम्या देतोयस का?" मी म्हटलं. "गाय उभी राहून ऐकत बसेल. पोटातून काढ."

"होऽप!"

"आता गाय घाबरली."

व्रोनी हसत होती, पण तिचे हात काठ्यांवर घट्ट होते. ते दोघं गेले. मी बाजूने उतरत होते, कानात त्यांचं बोलणं घेऊन. कोर्बिनियान सुंदर उतरत होता. त्याच्या स्की बर्फ कापत नव्हत्या, बर्फ त्यांना वाट देत होता. मी कधीच तशी उतरले नाही, तरुणपणीही नाही, हे कबूल करायला मला काही लागत नाही. तो पुढे पुढे जात होता आणि व्रोनीतलं आणि त्याच्यातलं अंतर वाढत होतं. तो थबकायचा, ती गाठायची, तो सुटायचा, ती मागे राहायची. आणि खरवडण्याचा तो आवाज. प्रत्येक वळणाच्या पोटात, जिथे काही कारण नव्हतं तिथे. खाली पोचल्यावर हिल्डेगुंडने भुवया उंचावल्या. "आफ्राच्या मागे जाते तितकीच," ती म्हणाली. "जराही जास्त नाही. मग मी काय समजू?"

"मी त्याला ओळखत नाही अजून," व्रोनी म्हणाली. पण ते तिलाही पटलेलं नव्हतं. दुसऱ्या फेरीतही तसंच झालं. कोर्बिनियान मला बाजूला घेऊन म्हणाला, "माझं काही चुकतंय का? खरं सांग, मला राग नाही येणार." मी त्याला सांगितलं, तुझं काही चुकत नाही. मी खुर्चीच्या पाळण्यात बसून वर जात होते आणि पायाखालून बर्फ सरकत होता. मला दिसत होतं ते मी कोणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. तिचे पाय अजून माझ्या मागे होते. पुढे कोणीही असो, दोन हिवाळे ते एकच गोष्ट शिकले होते, की पुढचं माणूस हळू आहे, त्याला धरून राहायचं. ते तिच्या डोक्यात नव्हतं, डोक्यात असतं तर बोलून काढलं असतं. ती सवय माझ्यासाठी लागली होती, माझ्या वेगाच्या मापाने लागली होती. ती कोर्बिनियानकडून जाणार नव्हती. लग्न झालेल्या मुलीला सासरची माणसं कितीही म्हणोत हे तुझं घर, आईने तिला घराबाहेर घालवल्याशिवाय ती जात नाही. असं काहीतरी मला वाटत होतं, आणि हेही वाटत होतं की हे करण्याचं मला बळ नाही, आणि हेही, की मी नाही केलं तर जगात दुसरं कोणी करू शकणार नाही. हा शेवटचा विचार मला मोठा आवडला, खोटं कशाला सांगू.

वर जाऊन मी पिशवीतून माझं दुसरं केशरी जाकीट काढून घातलं. हिल्डेगुंडला म्हटलं, डावीकडचा रुंद उतार मोकळा ठेव, कोणाला येऊ देऊ नकोस. कोर्बिनियान, तू खाली जा. त्या उताराला दारं नाहीत, दगड नाहीत, तो खाली जाऊन समोरच्या चढाला लागतो आणि तिथे माणूस आपोआप थांबतो. तिथे पाहुण्यांची चिमुरडी पोरंसुद्धा पडत नाहीत. "हे काय चाललंय?" व्रोनीने विचारलं.

"मी पुढे जाणार. आणि तू मला मागे टाकायचंस."

 "बाद होऊ," ती म्हणाली.

"इथे बाद करणारं कोणी नाही."

"मावशी, मी तुला मागे टाकलं की मला काय दिसेल?"

"काही नाही."

"पांढरं."

"हो, पांढरं. मी मागून सांगेन."

"मागून कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी पुढे गेली नाहीस म्हणून." तिच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली, आणि तो चेहरा मी तिच्या लहानपणी पाहिला होता, म्हणून मी आणखी एक गोष्ट बोलले, जी ठरवून बोलले नव्हते. "वाल्बुर्गा म्हणायची, तुझ्या नादाने माझी पोर मरेल. तिला मी सांगितलं होतं, मरणार नाही. आजही तेच सांगते. आणि वेग मारलास, एवढासाही मारलास, तर मला ऐकू येईल, आणि मग मी जानेवारीत तुझ्या पुढेही नसेन आणि मागेही नसेन, घरी गोठ्यात असेन. कळलं?"

"दम देतेस?"

"देते."

"आता कशी माझी मावशी बोलली," ती म्हणाली आणि काठ्या रोवल्या.

मी सुटले. मी पूर्ण वेगाने गेले, कारण तिला फसवायचं नव्हतं. मी हळू जाऊन तिला पुढे जाऊ दिलं असतं तर ते तिला माझ्या श्वासावरून कळलं असतं. गुडघे ओरडत होते. वारा गालांवर चाबकासारखा लागत होता. "हेऽई," मी हाक दिली, "होऽप," आणि ती मागे होती, आणि पहिल्या वळणात तो आवाज आला, खरवडण्याचा. "ऐकलं मी!" मी ओरडले. "सोड!" दुसऱ्या वळणात तो आवाज अर्धाच आला. तिसऱ्यात आला नाही. मग माझ्या मागे काहीच ऐकू येईना. स्की जेव्हा खऱ्याखुऱ्या पळतात तेव्हा त्या खरवडत नाहीत, कण्हत नाहीत. एक सुसकारा असतो फक्त, रेशीम फाडल्यासारखा, लांब. तो सुसकारा माझ्या उजव्या खांद्यापाशी आला. मी मान वळवली नाही. माझ्या कानात तिचा श्वास होता आणि बाहेर, एका हाताच्या अंतरावर, तीच होती, हे दोन्ही एकदम ऐकणं फार विचित्र होतं. मग तिच्या लाल टोपाची कड माझ्या डोळ्याच्या कोपऱ्यात आली, मग तिचे खांदे, मग तिची पाठ. इतकी वर्षं तिने माझी पाठ पाहिली, गाजर म्हणून का होईना. मी तिची कधी पाहिली नव्हती. उतारावर तरी नाही. मला माहीतच नव्हतं की ती इतकी खाली वाकते, इतकी सैल असते, तिचे हात असे पुढे असतात जसे काळोखात कोणी आपल्या घरच्या दाराच्या कडीला हात घालावा, ती कुठे आहे हे पक्कं ठाऊक असल्यासारखे.

"पांढरं," ती कानात म्हणाली.

"जा," मी म्हटलं. "होऽप. जा. हेऽई. जा गं."

ती गेली. मी हाका देत होते आणि त्या मला पोटातून खेचून काढल्यासारख्या निघत होत्या, आणि ती वळत होती, माझ्या शब्दाच्या अगदी शेंड्यावर, शब्द संपायच्या आत. तिच्या पुढे कोणी नव्हतं. त्या अख्ख्या पांढऱ्या उतारावर तिच्या पुढे एक चिटपाखरू नव्हतं. हिल्डेगुंड वरून काहीतरी ओरडत होती, घाबरून की आनंदाने ते कळत नव्हतं. माझा उजवा पाय थरथरायला लागला. मी वळण रुंद घेतलं, मग आणखी रुंद, आणि ती लहान होत गेली. डोळ्यांत पाणी येत होतं, चष्म्याच्या आत, जिथे वारा पोचत नाही. मी ओरडत होते, आता त्या गाईच्या हाका राहिल्या नव्हत्या, शब्दही नव्हते. खाली केबलच्या डब्याशी काम करणारे लोक हातातलं टाकून बघत होते आणि मला वाटत होतं, बघा, नीट बघा, बघून घ्या, ही आमच्या घरची आहे.

समोरच्या चढाने तिला उचलून घेतलं. ती वर गेली, मंद झाली, वळली आणि उभी राहिली. मी उताराच्या मध्येच थांबले होते. गुडघ्यांवर हात ठेवून उभी होते आणि दम लागला होता.

"मावशी," कानात आवाज आला. तिलाही दम लागला होता. "कुठे आहेस?"

"मागे."

"किती मागे?"

मी नीट मान वर केली आणि तिच्या आणि माझ्या मधला तो सगळा बर्फ एकदा डोळे भरून पाहिला. "खूप," मी म्हणाले. "खूप मागे आहे मी. माझ्यासाठी थांबू नकोस. कोर्बिनियान तुझ्या डाव्या हाताला येतोय, त्याला घेऊन वर जा."

 कानात मला तिच्या बुटांचे खटके ऐकू आले, आणि तिने त्याला हाक मारली.

"ए, आखूड जाकीट! चल. आणि या वेळी मागे वळून बघू नकोस हं, लागेल तितक्या वेगाने मी येते."